नरेशच्या घरी, नवऱ्यासकट

साजगावला मी अकरा वर्षं जाते आहे. आठवड्यातले सहा दिवस, पनवेलहून, कंपनीच्या बसने. तरीही साजगाव कसं आहे असं कुणी विचारलं तर मला रंगाच्या कारखान्याचं फाटक, समोरची चहाची टपरी आणि टपरीच्या बाकाखाली झोपलेला एक कुत्रा, एवढंच सांगता येईल. म्हणजे कर्जत-खालापूरच्या प्रवासाबद्दल लिहायला माझ्याइतकी लायक बाई सापडणं कठीण. कुठल्या फार्महाउसला पोहण्याचा तलाव आहे, कुठल्या रिसॉर्टला नाश्ता फुकट आहे, ही माहिती हवी असलेल्यांनी इथेच थांबावं. आम्ही एका माणसाच्या घरी जेवायला गेलो होतो.

तो माणूस म्हणजे नरेश. कारखान्याच्या लॅबमध्ये आमची टेबलं शेजारी-शेजारी आहेत. रंग किती घट्ट, किती पातळ, वाळायला किती वेळ घेतो, हे आम्ही दोघं तपासतो. रंग वाळेपर्यंत करण्यासारखं काही नसतं, त्यामुळे बोलतो. अकरा वर्षं रंग वाळतोय. मी त्याला 'अरे नरेश' म्हणते, तो मला 'मॅडम, तुम्ही' म्हणतो आणि डबा आम्ही एकत्र खातो. याला मी मैत्री म्हणत होते. माझा नवरा सुहासही मैत्रीच म्हणायचा. मग त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी 'तुमच्या जोडीदाराचं मन दुसरीकडे आहे का?' अशी दहा प्रश्नांची चाचणी टाकली. बँकेतल्या माणसाच्या हाती छापील प्रश्नावली आली की तो ती भरल्याशिवाय राहत नाही. सुहासने ती नाश्त्याला, अगदी सहज म्हणून, मोठ्याने वाचून दाखवली.

"ऑफिसात काही घडलं, तर आधी कुणाला सांगावंसं वाटतं?"

"ऑफिसात घडलेलं ऑफिसातल्यांना दिसतच असतं, सुहास."

त्याने मान हलवली आणि मनातल्या मनात माझे गुण कापले.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी नरेशच्या बायकोचा फोन आला. तिचं नाव सुरेखा हे मला माहीत होतं, पण आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. "ताई, या रविवारी साजगावची जत्रा हाय. शनिवारीच या आमच्याकडं कडावला. नवं घर पण बघाल. भावजींना घेऊन या. मला तुमाला बघायचंय."

मला बघायचंय! अकरा वर्षांनी एखादी बायको आपल्या नवऱ्याच्या मैत्रिणीला 'बघायचंय' म्हणते, तेव्हा ती काय बघणार असते हे मला कुठल्या ग्रुपने सांगायची गरज नव्हती. मी हो म्हणाले. नरेशने आणि मी शनिवारची रजा टाकली. सुहास म्हणाला, "जाऊ की. मला काय फरक पडतो?" हे तो तीनदा म्हणाला.

शनिवार, कडाव

पनवेल ते चौक हा रस्ता मी वगळते. सुहासने तो मौनात कापला. चौकहून कर्जतकडे वळल्यावर उजेड बदलला, डोंगर जवळ आले आणि दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताच्या पेंढ्या दिसू लागल्या. हवेत भिजून वाळलेल्या गवताचा वास होता. कर्जतला नदी ओलांडली आणि कडावच्या रस्त्याला लागलो. पुढे नकाशातल्या बाईने आम्हाला एका फार्महाउसच्या फाटकाशी नेऊन सोडलं. आत कुणाच्या तरी हळदीचा डीजे चालू होता आणि रखवालदार आमच्याकडे आमंत्रणपत्रिका मागत होता.

"मागे घे," मी म्हणाले. "गणपतीच्या देवळावरून पुढे दुधाची डेअरी लागेल. तिच्या अलीकडे डावीकडे. मग पिंपळ, मग मोडका हातपंप, आणि त्याच्या समोर पिवळं घर."

डेअरी लागली. पिंपळ लागला. हातपंप मोडकाच होता.

"तू कधी आलेली नाहीस ना इथे?" सुहासने विचारलं.

"नाही."

"छान," तो म्हणाला.

पिवळ्या घराच्या दाराशी सुरेखा उभी होती. बुटकी, सावळी, हाताला शेण लागलेलं, कारण म्हशीचं बघून ती नुकतीच आली होती. मी कडक इस्त्रीची हँडलूम साडी नेसून गेले होते. युद्धाला जाताना माणूस कपड्यांचा विचार करतोच. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, तुमी तर लय बारीक हाव. हे म्हणत होते तशाच." नरेश मागे उभा राहून हसत होता. कारखान्याच्या निळ्या कोटाशिवाय मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. बनियन आणि हाफपँटमध्ये तो कुणातरी दुसऱ्याचा नवरा दिसत होता. तो होताही.

जेवण असं होतं: नव्या तांदळाची भाकरी, गावठी कोंबडी, वालाचं बिरडं, वर लिंबाएवढा लोण्याचा गोळा. ज्यांनी नव्या तांदळाची भाकरी खाल्ली नाही त्यांना काय सांगणार? आम्ही पनवेलला जी खातो ती भाकरीची आठवण असते. मी तिसरी भाकरी मोडत असताना सुरेखा म्हणाली, "ताई कारली खात नाय म्हणून केली नाय मी. एरवी परसात लागलीत ढीगभर."

सुहासचा घास थांबला. "कोण कारली खात नाही?"

आमच्या घरी दर मंगळवारी कारल्याची भाजी होते. सुहासच्या आईची पद्धत, गूळ घालून. एकोणीस वर्षं मी ती करते आणि त्याच्यासमोर बसून खातेही.

"खाते," मी म्हणाले. "आवडत नाही एवढंच."

"एकोणीस वर्षं?"

"भाजी चांगली होते तुमची," नरेश सुहासला धीर देत म्हणाला. "बुधवारच्या डब्यात असती ना, मी खातो ती."

 सुहासने आणखी थोडं बिरडं मागून घेतलं.

जेवणानंतर नरेशने सुहासला शेत दाखवायला नेलं. मी खिडकीतून बघत होते. सुहास बँकेतले बूट घालून बांधावरून चालत होता, आणि व्हायचं तेच झालं. एक पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला, बूट आत राहिला आणि मोजा तेवढा बाहेर आला. नरेशने हात घालून बूट उपसला, पाटाच्या पाण्यात धुतला आणि खळ्यावर उन्हात ठेवला. मग दोघं पेंढ्यावर बसले आणि अर्धा तास गाडीच्या मायलेजवर बोलले. इथपर्यंतच्या वाटेवर गाडीत माझ्याशी चार वाक्यं न बोललेला माणूस! मला राग आला. कुणाचा आला ते कळायला मात्र थोडा वेळ लागला.

कडाव, उन्हं कलताना

सुरेखा आणि मी ओट्यावर बसून भिजवलेले वाल सोलत होतो. तिची मुलगी श्रावणी अलिबागला नर्सिंग शिकते, त्यामुळे घरात दोघंच. तिने अजून चौकशी सुरू केली नव्हती. मी वाट बघत होते. वाट बघून कंटाळा आला तेव्हा काहीतरी गोड बोलावं म्हणून दारावरच्या काळ्या दगडी पाटीकडे बोट केलं. तिच्यावर घराचं नाव कोरलं होतं, 'ओवी'.

"नाव फार छान ठेवलंत घराला. लेकीचं."

"लेक तर माझी श्रावणी हाय."

इथेच गप्प बसायला हवं होतं. लॅबमध्ये थेंबभर जास्त पडलं तर मला लगेच कळतं. तोंडातून पडलेलं कळायला उशीर लागला.

"ह्यांनीच ठेवलं नाव," सुरेखा म्हणाली. "मी इचारलं तर म्हणाले, आई जात्यावर ओव्या म्हणायची म्हणून." तिचे हात थांबले. "ताई, कुठल्या लेकीचं?"

सहा वर्षांपूर्वी तिला सातव्या महिन्यात मुलगी झाली होती आणि ती जगली नाही. हे मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. कारखान्यातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. पण चौथ्या दिवशी कामावर आलेला नरेश केमिकलच्या गोदामात ड्रमवर बसून रडला होता, आणि शेजारच्या ड्रमवर मी बसले होते, हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. तिचं नाव ओवी ठेवणार होतो, असं तो तेव्हा म्हणाला होता. मी गृहीत धरलं होतं की 'ठेवणार होतो' म्हणजे दोघं मिळून.

मी सुरेखाला ते सांगितलं. आता न सांगणं आणखी वाईट झालं असतं. निदान माझी तशी समजूत आहे.

तिने हातातला वाल सोलून ताटात टाकला.

"चौथ्या दिवशी गेले ते कामाला," ती म्हणाली. "मी खाटेवर. दूध येत होतं मला. सासू म्हणाली, बाप्यांना काय नसतं गं यातलं. मी पण तेच धरून बसले. सा वर्सं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "लय रडले?"

"हो."

"किती वेळ?"

"तासभर असेल."

"तुमी काय बोललात?"

"काही नाही. पाणी दिलं."

"बरं केलंत," ती म्हणाली, ताट उचललं आणि आत गेली.

टोमणा ओळखण्यात मी मुरलेली आहे. दिवसाला पाच-सहा मी स्वतः मारते. त्या 'बरं केलंत'मध्ये मी खूप शोधला. नव्हता. आणि मला तो असायला हवा होता, म्हणजे मला त्याला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

मी कधी नरेशचा हातही हातात धरलेला नाही. अकरा वर्षं ही माझी मोठी जमेची बाजू होती. सुहासच्या प्रश्नावलीच्या तोंडावर मी हीच फेकत होते. पण मी या बाईच्या घरातून काय उचलून नेलं होतं ते त्या ओट्यावर मला दिसलं. तिच्या नवऱ्याचं रडणं. ते तिच्या वाट्याचं होतं.

संध्याकाळी नरेश आत-बाहेर करत होता आणि सुरेखा चुलीपाशी पाठ करून बसली होती. त्याने माझ्याकडे पाहून भुवई उंचावली, म्हणजे 'काय झालं?' आमच्या लॅबमधली ही रोजची खूण. मी पहिल्यांदाच नजर वळवली.

रविवार, साजगाव

सकाळी मला वाटलं, आता ही बाई डोकं दुखतंय म्हणून घरीच थांबेल. पण सुरेखा आमच्या आधी तयार होती. हिरवं लुगडं, केसांत अबोली, हातात कापडी पिशवी. ती आमच्या गाडीत माझ्या शेजारी बसली, नरेश पुढे सुहासच्या बाजूला. त्याचे डोळे सुजलेले होते. पळसदरीवरून खोपोलीकडे जाणारा रस्ता डोंगराला चिकटून जातो आणि फार देखणा आहे असं म्हणतात. गाडीतल्या चौघांपैकी कुणीही खिडकीबाहेर बघत नव्हतं.

साजगावची जत्रा विठोबाची. आणि विठोबाच्या टेकडीच्या पायथ्याशी विकायला काय असतं? सुके बोंबील. सुकट, जवळा, वाकटी, सोडे, ताडपत्र्यांवर ढिगांनी. आमच्या पनवेलच्या सोसायटीत एकादशीला कुणाच्या खिडकीतून कांद्याचा वास आला तरी ग्रुपवर चर्चा होते. इथे देव वर उभा, खाली मासळीचा बाजार, आणि दोघांची एकमेकांबद्दल काही तक्रार नाही. पाळणे, बांगड्यांच्या गाड्या, भजी, लहान पोरांच्या पिपाण्या. माझ्या कारखान्यापासून हे सगळं हाकेच्या अंतरावर दरवर्षी भरत होतं आणि मी बसच्या काचेआड डुलकी काढत होते.

पायऱ्या चढून वर गेलो. दर्शनाच्या रांगेतून सरकत आम्ही बाहेर आलो, तेव्हा सुरेखाने पिशवीतून नारळ काढला आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या ताई. तुमच्या हातानं फोडा. तुमच्या गाठीचा हाय."

"कसली गाठ?" सुहासने विचारलं.

"ती छातीतली, भावजी." सुरेखा अगदी साधेपणाने सांगत होती. "उन्हाळ्यात झालती ना. हे घरी येऊन म्हणाले, मॅडम एकट्याच सुई टोचून आल्या, रिपोर्ट यायचाय. मला रातभर झोप नाय. तवा बोलले मी विठोबाला, साधी निघू दे, जत्रेला नारळ देईन, तिलाच घेऊन येईन. म्हणून तर बोलावलं."

म्हणून तर बोलावलं. मी इस्त्रीची साडी नेसून जिच्याशी लढायला आले होते, तिने माझ्यासाठी नवस केला होता.

नरेश खालच्या पाळण्याकडे बघत होता. सुरेखाने सुहासचा चेहरा पाहिला, मग माझा, आणि तिचा हात हळूच तोंडावर गेला. "भावजींना ठावं नाय?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. काल ओट्यावर ती ज्या जागी होती, तिथे आज सुहास उभा होता. नरेशचा कारभार भलताच चोख निघाला: माझं सगळं घरी नेऊन सांगायचं, आणि स्वतःचं सगळं माझ्याकडे ठेवायचं.

"द्या इकडे," सुहास म्हणाला आणि त्याने सुरेखाच्या हातातून नारळ घेतला. पहिल्या फटक्यात फुटला नाही. दुसऱ्यातही नाही. मागच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "जोर लाव की रं, जेवला नाय का?" तिसऱ्या वेळी त्याने तो इतक्या जोराने आपटला की पाणी त्याच्याच शर्टावर उडालं. अर्धी भकलं त्याने सुरेखाच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "वहिनी, तुमचे उपकार झाले."

खाली उतरताना सुरेखा माझ्या बाजूने चालत होती. तिने मला चांगले बोंबील निवडून दिले, पांढरट आणि लवचिक बघायचे, पिवळे पडलेले घ्यायचे नाहीत. मग बाकीच्या दोघांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "काल मी ह्यांना इचारलं. काय बोलले नाय. नुसते रडले." थोडं थांबून ती म्हणाली, "माझ्याजवळ."

नरेश आणि ती तिथूनच एसटीने परत गेले. आम्ही सोडतो म्हणालो, ते नको म्हणाले.

खालापूर

पनवेलचा रस्ता खालापूरवरून जातो. एरवी हे गाव मला टोलनाक्याची पाटी म्हणूनच ठाऊक. सुहासने गाडी तहसीलदार कचेरीच्या बंद फाटकासमोर उभी केली आणि शेजारच्या हॉटेलातून दोन चहा आणले. आम्ही गाडीतच बसलो. मागच्या सीटवर बोंबील होते आणि त्यांचं अस्तित्व दोघांनाही जाणवत होतं.

"कधी?" त्याने विचारलं.

"मे महिन्यात. तुमच्या बँकेत ऑडिट चालू होतं."

"म्हणून नाही सांगितलंस?"

"नाही. तू घाबरला असतास. मग मला तुला सांभाळत बसावं लागलं असतं."

"आणि तो नाही घाबरला?"

"तो घाबरला तर मला काय? तो माझा कोण?"

हे तोंडातून गेलं आणि मलाच ऐकू आलं. सुहास चहाच्या कपाकडे बघत होता.

"घाबरलो असतो," तो म्हणाला. "मग घाबरू द्यायचं होतंस ना."

इतकी वर्षं मी सुहासला त्रास होऊ नये म्हणून जपत आले, कारल्यापासून गाठीपर्यंत. ही माझी माया असं मी समजत होते. मोकळं बोलायला एक माणूस मिळाल्यावर दुसऱ्याशी न बोलणं किती सोपं होतं, हे मात्र मी कधी मोजलं नव्हतं.

"कुठल्या बाजूला?" त्याने विचारलं.

"डाव्या."

मग त्याने सगळं विचारलं. पहिल्यांदा हाताला कधी लागली, डॉक्टर काय म्हणाली, सुई किती दुखली, रिपोर्ट यायला किती दिवस लागले, त्या दिवसांत मी झोपत होते का. मी सगळं सांगितलं. मध्येच त्याने डोळे पुसले आणि बोंबलांचा वास झोंबतोय म्हणाला. मी त्याला तसं म्हणू दिलं. समोरच्या थांब्यावर दोन एसट्या येऊन गेल्या. चहा थंड झाला तेव्हा त्याने गाडी सुरू केली. घरी पोहोचेपर्यंत त्याने आणखी चार प्रश्न विचारले, आणि मंगळवारी भाजी कसली करायची हा त्यातला शेवटचा.

सोमवार, पुन्हा साजगाव

बसमधून यावेळी मी बाहेर बघत होते. फाटकाच्या अलीकडून वळणारा एक रस्ता जत्रेकडे जातो. तो अकरा वर्षं तिथेच होता.

नरेश वेळेवर आला. निळा कोट, नीट विंचरलेले केस, दाढी केलेली. सकाळभर आम्ही फार बोललो नाही. एकला डबे उघडले. त्याच्या डब्यात नव्या तांदळाची भाकरी होती, एक माझ्यासाठी वेगळी फडक्यात बांधलेली. त्याने ती माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "मॅडम, काल घरी गेल्यावर सुरेखा आणि मी..."

मला ऐकायचं होतं. खोटं कशाला बोलू? एसटीतून उतरल्यावर ते दोघं घरी काय बोलले, ती पाटी काढणार की राहू देणार, तिने त्याला माफ केलं का, मला हे सगळं इतकं ऐकायचं होतं की हातातला घास तसाच राहिला.

"राहू दे, नरेश," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि भाकरी मोडली. मग त्याने विचारलं, सकाळची पांढरी बॅच फारच पातळ वाटत नाही का. मी म्हणाले, वाटते खरी. अकरा वर्षांत जेवताना आम्ही पहिल्यांदाच कामाबद्दल बोललो.